हयात व्यक्तींवरचे फॅनफिक्शन : लेखनस्वातंत्र्य कुठपर्यंत?

निशिगंध (धागाकर्ती):
वन डायरेक्शन बँडमधील हॅरी स्टाइल्स आणि लुई टॉमलिन्सन यांच्यात प्रेमसंबंध आहेत अशी कल्पना करून चाहत्यांनी असंख्य कथा, म्हणजे फॅनफिक्शन, लिहिल्या. २०१९ साली ‘युफोरिया’ या अमेरिकी मालिकेत त्याच कल्पनेवरचे ॲनिमेटेड प्रणयदृश्य दाखवले गेले, तेव्हा आपल्याला कोणी विचारले नव्हते आणि आपण संमतीही दिली नव्हती, असे लुईने जाहीरपणे सांगितले. प्रेमसंबंधांच्या या चर्चेमुळे चारचौघांत मित्राशी मोकळेपणाने वागणेही अवघड झाले, हे तो आधीच एका मुलाखतीत बोलला होता. हयात माणसाच्या शय्यागृहातले प्रसंग त्याच्याच नावाने रंगवणे मला म्हणूनच अनैतिक वाटते. वर ‘सर्व काल्पनिक’ असे लिहिल्याने त्याचा संकोच कमी होत नाही.

रानवारा:
मी असहमत आहे. चीनमध्ये शाओ झान या अभिनेत्याला एका कथेत देहविक्रय करणारी पारलिंगी व्यक्ती म्हणून रंगवल्यामुळे त्याचे चाहते दुखावले आणि त्यांनी तक्रारींचा सपाटा लावला. २०२०च्या फेब्रुवारीअखेर ती कथा जिथे होती ते ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे फॅनफिक्शनचे संकेतस्थळच तिथे बंद झाले. ज्यांचा त्या कथेशी काडीचाही संबंध नव्हता, अशा लेखक-वाचकांचा हक्काचा कट्टा गेला. चिडलेल्या वाचकांनी शाओ झान ज्यांची जाहिरात करत होता त्या मालावर बहिष्कार पुकारला, आणि ज्याच्या अब्रूसाठी हा सारा खटाटोप झाला त्यालाच त्याची झळ बसली.

निशिगंध:
मी बंदी मागितलेली नाही. प्रश्न लेखकाच्या विवेकाचा आहे. ॲना टॉड यांची ‘आफ्टर’ ही कथा वॉटपॅड या कथालेखनाच्या संकेतस्थळावर हॅरी स्टाइल्सच्या नावाने आली, पण २०१४ साली तिचे पुस्तक झाले तेव्हा नायक हार्डिन स्कॉट झाला. नाव बदलूनही कथा उभी राहते, तर ते आधीच का बदलू नये?

सोनचाफा:
पेशव्यांच्या महालातले खाजगी संवाद रचणाऱ्या कादंबऱ्या आपण आवडीने वाचतो. मग इथेच आक्षेप का?

निशिगंध:
ती माणसे आज कोणाच्या प्रश्नांना सामोरी जात नाहीत. लुईला जावे लागते.

रानवारा:
नायकाचे नाव बदलले तरी तो मूळचा कोण, हे चाहत्यांना ठाऊकच होते. त्यामुळे नाव ही मर्यादा होऊ शकत नाही. माझ्या मते अपराध घडतो तो कथा त्या व्यक्तीपुढे नेऊन तिला छेडण्यात आणि लुईची प्रेयसी निव्वळ दिखाव्यासाठी आहे असे ठरवण्यात. त्याचा दोष आपल्या कोपऱ्यात लिहिणाऱ्याच्या माथी का मारायचा?

निशिगंध:
पण शेकडो कथांतून तीच जोडी वाचत राहिलेल्या चाहत्याला खरी प्रेयसी खोटी वाटू लागली, तर त्यात लिहिणाऱ्यांचा काहीच वाटा नाही, हे मला पटत नाही.