५० व्हर्च्युअल डेस्कटॉपना गरजेप्रमाणे मेमरी कशी वाटावी?

खानापूर_प्रयोगशाळा :

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातील एका तंत्रशिक्षण संस्थेच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था माझ्याकडे आहे. २५६ जीबी रॅम असलेल्या एकाच सर्व्हरवर, विंडोज सर्व्हर २०१९ मधील हायपर-व्ही (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारी सोय) वापरून, ५० व्हर्च्युअल डेस्कटॉप चालतात आणि प्रत्येकाला ४ जीबी मेमरी कायमची नेमून दिलेली आहे. यांत्रिकीचे २० विद्यार्थी त्रिमितीय ड्रॉइंग उघडतात तेव्हा ती त्यांना पुरत नाही. भाग फिरवायला घेतला की चित्र अडखळत मागून येते. त्याच वेळी शेजारच्या वर्गात टॅली आणि टंकलेखन शिकणाऱ्या ३० जणांची बरीच मेमरी नुसती पडून असते. यातली अनेक मुले पुढे बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ड्रॉइंगच्याच कामावर जातात, त्यामुळे त्यांची येथे अडवणूक व्हावी हे मला पटत नाही. नवा सर्व्हर यंदा मिळणार नाही. डायनॅमिक मेमरी, म्हणजे गरजेप्रमाणे मेमरी कमी-जास्त करणारी सोय, सुरू केली तर भागेल का, आणि आकडे कसे ठरवावेत? शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, तेव्हा यूपीएस उतरला की सर्व डेस्कटॉप एकदम बंद होतात आणि वीज आली की एकदम सुरू होतात, हेही लक्षात घ्यावे ही विनंती.

टिळकवाडी_सिस्टीम :

सर, भागेल, मात्र हिशेब आधी कागदावर करावा लागेल. प्रत्येक डेस्कटॉपला तीन आकडे द्यायचे असतात : सुरू होताना लागणारी मेमरी, किमान आणि कमाल. प्रथम दोन्ही वर्गांतल्या दोन-तीन डेस्कटॉपवरच डायनॅमिक मेमरी चालू करा आणि तास ऐन रंगात असताना हायपर-व्ही मॅनेजरच्या मेमरी टॅबमधील ‘असाइन्ड’ आणि ‘डिमांड’ हे दोन आकडे पाहा. दुसरा आकडा खरी गरज सांगतो, तर पहिला त्यात राखीव वाटा मिळवून प्रत्यक्ष दिलेली मेमरी दाखवतो. हा राखीव वाटा, म्हणजे मेमरी बफर, मुळात २० टक्के असतो.

समजा ड्रॉइंगवाल्यांची गरज ६ जीबी आणि इतरांची २.५ जीबी निघाली. बफर धरून ती ७.२ आणि ३ जीबी होते. म्हणजे २० जणांचे १४४ आणि ३० जणांचे ९०, एकूण २३४ जीबी. सर्व्हरच्या स्वतःच्या कामासाठी १६ जीबी बाजूला ठेवले तर हाती २४० उरतात, म्हणजे गणित बसते, पण काठोकाठ. ड्रॉइंगवाल्यांना कमाल ८ आणि इतरांना कमाल ४ जीबी द्या. या कमाल आकड्यांची बेरीज २८० होते आणि ती २४० च्या पुढे गेली तरी चालते, कारण सगळे एकाच क्षणी कमाल गाठत नाहीत. तरीही ओढाताण झालीच तर कोणाला आधी द्यायचे हे मेमरी वेट ठरवते, म्हणून ड्रॉइंगवाल्यांचे वेट वाढवून ठेवा.

विजेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीची मेमरी सर्वांना ४ जीबी ठेवली तर एकदम सुरू होताना २०० जीबी लागतात, ते भागते. पण उत्साहाने हा आकडा ६ केला, तर ३०० लागतील आणि शेवटचे काही डेस्कटॉप मेमरीअभावी सुरूच होणार नाहीत. स्मार्ट पेजिंग तेथे मदतीला येत नाही, कारण ते चालू यंत्र रीस्टार्ट होताना मेमरी कमी पडली तरच डिस्कचा आधार घेते. म्हणून सुरुवात ४, किमान २ असे ठेवा आणि प्रत्येक डेस्कटॉपच्या ‘ऑटोमॅटिक स्टार्ट’ सेटिंगमध्ये थोड्या-थोड्या सेकंदांच्या फरकाने विलंब लावा. आधी सुरू झालेले डेस्कटॉप रिकामे बसले की त्यांची मेमरी उतरते आणि पुढच्यांना जागा होते.

निपाणी_केव्हीएम :

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण एक खड्डा दाखवून ठेवतो. एखाद्या डेस्कटॉपला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनची परवानगी दिलेली असेल आणि विद्यार्थी आत पुन्हा हायपर-व्ही चालवत असेल, तर डायनॅमिक मेमरी चालू दिसली तरी आकडा हलत नाही. असे डेस्कटॉप असतील तर ते कायमच्या मेमरीवर ठेवून हिशेबातून आधीच वजा करा.

आम्ही एका पतसंस्थेसाठी प्रॉक्समॉक्स, म्हणजे लिनक्सवर चालणारी हायपर-व्हीसारखीच प्रणाली, वापरतो. तेथे बलूनिंगचे, म्हणजे डेस्कटॉपकडील न वापरलेली मेमरी परत घेण्याचे, काम सर्व्हरची मेमरी साधारण ८० टक्क्यांच्या आसपास भरली की सुरू होते, आणि विंडोजच्या आत व्हर्टआयओचा बलून ड्रायव्हर व त्याची सर्व्हिस चालू नसेल तर काहीच परत मिळत नाही. शिवाय केएसएम, जे २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.३२ आवृत्तीत आले, ते वेगवेगळ्या डेस्कटॉपमधील तंतोतंत सारखी पाने (मेमरीचे छोटे तुकडे) शोधून एकच प्रत ठेवते. एकाच साच्यातून काढलेल्या डेस्कटॉपना त्याचा चांगला फायदा होतो. मात्र त्यासाठी प्रोसेसर खर्ची पडतो, आणि पाने सामाईक असल्यामुळे एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यातल्या माहितीचा अंदाज घेण्याचा धोका राहतो. याच कारणाने अशीच प्रणाली बनवणाऱ्या व्हीएमवेअर कंपनीनेही २०१४ पासून यंत्रायंत्रांमधील असे सामायिकीकरण मुळातच बंद ठेवले. ग्राहकांचे व्यवहार असलेल्या यंत्रांवर मी ते चालू करत नाही; विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेची गोष्ट वेगळी. पण एवढ्यासाठी चांगले चालणारे हायपर-व्ही सोडू नका.

खानापूर_प्रयोगशाळा :

दोघांचेही मनापासून आभार. सुरुवातीच्या आकड्यांची बेरीज वेगळी तपासायची असते हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता एकच शंका. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी ५० जणांना अगदी समान वागणूक मिळायला हवी. कोणाची मेमरी दुसऱ्यासाठी काढली जाऊ नये. त्या दिवसापुरते किमान ४ जीबी करता येईल का?

टिळकवाडी_सिस्टीम :

करता येईल, पण सकाळी ऐनवेळी नाही. डेस्कटॉप चालू असताना किमान आकडा फक्त कमी करता येतो आणि कमाल फक्त वाढवता येतो. किमान वाढवायचा असेल तर यंत्र पूर्ण बंद करावे लागते. म्हणून आदल्या संध्याकाळी सर्व डेस्कटॉप बंद करून किमान आणि कमाल दोन्ही ४ करा, वेट सर्वांचे समान ठेवा आणि रात्रीच टप्प्याटप्प्याने सुरू करून परीक्षेचे सॉफ्टवेअर एकदा उघडून पाहा. एकूण २०० जीबी लागतील, म्हणजे ४० जीबी मोकळे राहतात. परीक्षा झाल्यावर जुने आकडे परत लावायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी यांत्रिकीच्या तासाला पुन्हा तीच ओरड होईल.