खारघरमधला गाळा बंद ठेवावा की भाडे उतरवून द्यावा?

प्रश्न – खारघरवासी

नमस्कार. खारघरच्या सेक्टर ३५ मधील एका निवासी इमारतीच्या तळमजल्यावर आमच्या कुटुंबाचा छोटा गाळा आहे. तेथे पूर्वी स्टेशनरीचे दुकान होते. त्या गृहस्थांनी जागा सोडल्यापासून शटर खालीच आहे. आमची अपेक्षा दरमहा ४०,००० रुपयांची आहे, कारण शेजारचे मालकही तेवढेच सांगतात, परंतु विचारायला येणारे ३२,००० च्या वर जात नाहीत. एकदा भाडे उतरवले की ते पुन्हा चढत नाही, गाळ्याची किंमतही पडते आणि भाडेकरू हटून बसला तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, असे वडिलांचे म्हणणे आहे. आमच्या रांगेतले बहुतेक गाळे असेच बंद असून शटरांवर क्लासच्या जाहिरातींचे थर चढले आहेत. विमानतळामुळे भाव वाढेपर्यंत थांबावे, असे काही जण सुचवतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – नौपाड्याचा हिशेबनीस

आधी साधे गणित मांडू. ४०,००० ऐवजी ३२,००० घेतले तर वर्षाला ९६,००० रुपये कमी मिळतील. गाळा तीन महिने बंद राहिला तर १,२०,००० रुपये बुडतात. पाच वर्षांच्या करारात तुम्ही एकूण ४,८०,००० रुपये सोडाल, आणि गाळा वर्षभर बंद ठेवला तर नेमकी तेवढीच रक्कम गमावाल. त्यातच बंद गाळ्यालाही सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि महावितरणच्या व्यापारी जोडणीचा स्थिर आकार लागू राहतोच.

करांबाबत दोन गोष्टी. खारघर पनवेल महानगरपालिकेत येते, नवी मुंबईच्या नाही. त्यामुळे मालमत्ता करासंबंधीचा अर्ज तेथेच करावा लागेल. महानगरपालिका अधिनियमाच्या करआकारणी नियमांत रिकाम्या जागेसाठी मालमत्ता कराच्या काही भागाच्या परताव्याची तरतूद आहे, मात्र जागा रिकामी झाल्याची लेखी सूचना दिल्याशिवाय परतावा मागता येत नाही, आणि बहुतेक मालक ही सूचना देतच नाहीत. दुसरे म्हणजे प्राप्तिकर. राहत्या घराला मिळणारी सूट दुकानाच्या गाळ्याला नसते. तुमचा गाळा पूर्वी भाड्याने दिलेला असल्यामुळे रिकाम्या काळाची वजावट मागता येईल. जो गाळा कधीच भाड्याने गेला नाही त्याचे अपेक्षित भाडे उत्पन्न म्हणून धरले जाऊ शकते, आणि त्यावर न्यायाधिकरणांचे निर्णयही परस्परविरोधी आहेत. पूर्वीचा करार आणि भाडे जमा झाल्याच्या बँकेतील नोंदी म्हणूनच जपून ठेवाव्यात.

किंमत पडण्याच्या भीतीवर बाजारात एक जुना तोडगा आहे. करारात भाडे ३८,००० लिहावे आणि सुरुवातीचे काही महिने सजावटीसाठी बिनभाड्याचे द्यावेत, पुढे वार्षिक वाढ ठेवावी. कागदावरचा आकडा टिकतो आणि नव्या दुकानदारावर पहिल्या महिन्यांचा बोजा पडत नाही.

उत्तर – ठाणे कोर्टातला वकील

वडिलांची भीती अगदीच निराधार नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जलद ताबा मागता येतो, परंतु ही सोय केवळ राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. गाळ्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि तेथे किती वेळ लागतो हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही यावरचा उपाय गाळा बंद ठेवणे हा नसून पक्का करार करणे हा आहे. ठेव पुरेशी घ्यावी, लॉक-इनची मुदत (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) लिहावी, कराराची मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास भाड्याच्या दुप्पट शुल्क लागेल असे कलम घालावे, आणि दुकानाची किल्ली नोंदणी झाल्यावरच द्यावी. कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. करार नोंदवलेला नसेल तर वादाच्या प्रसंगी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

खर्चही फारसा नाही. ३२,००० भाडे, दोन लाख ठेव आणि पाच वर्षांची मुदत धरली तर एकूण भाडे १९,२०,००० रुपये आणि ठेवीवरचे १० टक्क्यांनी काढलेले व्याज १,००,००० रुपये, अशा २०,२०,००० रुपयांवर ०.२५ टक्का म्हणजे ५,०५० रुपये मुद्रांक शुल्क होते. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्या रकमेसाठी ‘अकरा महिन्यांचे स्टॅम्प पेपरवर भागवू’ म्हणणारे मालकच पुढे माझ्याकडे येतात.

उत्तर – घोडबंदरचा दुकानदार

मी भाडेकरूच्या बाजूने लिहितो. आम्ही गाळा पाहायला येतो तेव्हा भाड्याच्या आधी इतर गोष्टी मोजतो. संध्याकाळी माणसे कामावरून परततात त्या बाजूला गाळा आहे का? पदपथावरून किती पायऱ्या चढाव्या लागतात? समोर दिवसभर दुचाकी उभ्या राहून दर्शनी भाग झाकतात का? आत नळ आणि सांडपाण्याची वाट आहे का, की बादलीने पाणी आणावे लागेल? विजेचा भार सिंगल फेज आहे की थ्री फेज? शेवटच्या दोन गोष्टी नसल्या तर सलून, दवाखाना, बेकरी हे सगळे बाद, आणि उरतात ते मोबाइलवाले आणि इस्टेट एजंट, ज्यांची दुकाने तुमच्या रांगेत आधीच असतील. भाडे आठ हजारांनी उतरवण्यापूर्वी नळजोडणी आणि वीजभार यांवर एकदाच खर्च करून पाहावा, असे मला वाटते.

विमानतळाची वाट पाहू नये. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि बेलापूर ते पेंधर मेट्रो त्याआधीच, १७ नोव्हेंबर २०२३ पासून धावते आहे. तरीही तुमची शटरे बंदच आहेत. आमच्या घोडबंदर रस्त्यावर मेट्रो ४ च्या बांधकामाच्या पत्र्यांनी दुकाने झाकली गेली, तेव्हा उद्या भाव येईल म्हणून थांबलेल्यांपेक्षा कमी भाड्यावर टिकलेल्यांचे बरे चालले.

प्रश्नकर्ता – खारघरवासी

सर्वांचे आभार. एक दंतवैद्य दाम्पत्य ३४,००० पर्यंत यायला तयार आहे. गाळ्यात नळ आहे, सांडपाण्याची वाट नाही. सोसायटीचे सचिव मात्र दवाखान्याला नाखूश दिसतात.

उत्तर – ठाणे कोर्टातला वकील

भोगवटा प्रमाणपत्र आणि सिडकोच्या भाडेपट्ट्यात गाळ्याचा मंजूर वापर काय लिहिला आहे, ते पाहावे. नुसत्या नाखुशीवर सोसायटीला आडकाठी करता येत नाही. करार नोंदवल्यावर प्रत लेखी पत्रासह सचिवांना द्यावी. जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था २०१६ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनीच करायची आहे, असे करारात लिहावे. ते जीएसटी नोंदणीकृत असतील आणि तुम्ही नसाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा कर सर्वसाधारणपणे त्यांनीच भरायचा असतो.

उत्तर – घोडबंदरचा दुकानदार

सचिवांची खरी तक्रार बहुधा दंतवैद्यांच्या उपकरणांना हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या आवाजाची असेल, कारण वरच्या मजल्यावर दुपारी तोच ऐकू जातो. तो आवाज रोखणाऱ्या पेटीत बसवण्याची अट डॉक्टरांना आधीच घाला. सांडपाण्याची वाट काढताना प्लिंथ (इमारतीचे जोते) फोडावी लागली तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि तो खर्च भाड्यातून वळता करण्याची तयारी दाखवा. ३४,००० चे ३६,००० तिथे होऊ शकतील.