कवेलूंवरून चर्चचं वय?
भाऊ, आपल्या गावचं चर्च १८५० चं असणार कारण वर मंगळुरी कवेलू (कारखान्यातली सपाट कौलं) आहेत, हे काही पटलं नाही. मंगळूरला बासेल मिशनचा (स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनऱ्यांची संस्था) कवेलूंचा कारखाना निघाला १८६५ साली. रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. त्याआधी एवढं ओझं बैलगाडीनं इथवर कोण आणणार? म्हणजे हे छप्पर त्यानंतरचंच.

भिंती मात्र जुन्या असू शकतात. आधी देशी नळीचे, म्हणजे अर्धगोल, कवेलू असतील. माकडांनी फोडायचे, पावसाळ्याआधी फेरायचे म्हणजे काढून परत रचायचे, कंटाळून कधीतरी बदलले असतील. एकदा आत जाऊन वर बघा. देशी कवेलूंखाली बांबू-कमच्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) चालतात, मंगळुरीला सारख्या अंतरावर लाकडी पट्ट्या लागतात. भिंतीच्या माथ्याला जुन्या वाशांची बुजवलेली भोकं दिसली तर छप्पर बदललंय असं समजा. घंटेवरच्या सालावर फार विसंबू नका, घंटा दुसरीकडूनही आणतात.

फादरांकडे बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या असतील, त्यातली सर्वात जुनी कोणती ते विचारा. आणि आपला अमरावती धर्मप्रांत (एका बिशपच्या हाताखालचा भाग) नागपूरपासून वेगळा झाला तो १९५५ मध्ये, तेव्हा बांधकामाचा जुना पत्रव्यवहार नागपूरला निघण्याची शक्यता जास्त. कोनशिला सापडत नसेल तर चुन्याच्या थरांखाली शोधा. रंगारी काही सोडत नाहीत.