प्रतिसाद : तारेइतकीच मातीही चित्रात हवी

कलेच्या वर्गात मोर्सच्या (तारेने संदेश पाठवण्याच्या संकेतलिपीच्या) टिंब-रेघांची नक्षी काढून विद्यार्थ्यांना युद्धकाळातील संदेशवहन कळत नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो मला बऱ्याच अंशी पटतो. मात्र त्यावरून हे कलेतून शिकवण्याचा मार्गच कुचकामी ठरवणे मला मान्य नाही. उणीव आहे ती विषयाच्या निवडीत. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरील खंदकांमध्ये दूरध्वनीसाठी अनेकदा एकच तार टाकत आणि परतीचा प्रवाह जमिनीतून जाऊ देत. हा प्रवाह ओल्या मातीत पसरत असे, आणि जर्मन सैनिक जमिनीत धातूच्या खुंट्या रोवून, ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने, समोरच्या खंदकातील बोलणे ऐकत. म्हणजे आपल्या पायाखालची जमीनच शत्रूला बातमी पुरवत होती! १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन फुलर यांनी अतिशय क्षीण प्रवाहावर चालणारे, सहज चोरून ऐकता न येणारे ‘फुलरफोन’ हे संदेश पाठवण्याचे यंत्र तयार केले, ते याच धोक्यामुळे.

चित्रकलेच्या किंवा मांडणीशिल्पाच्या वर्गात हे फार प्रभावीपणे दाखवता येईल, असे मला मनापासून वाटते. तोफगोळ्यांनी तार तुटू नये म्हणून ती सुमारे सहा फूट खोल पुरत. जिथे पुरणे शक्य नसे तिथे दोन समांतर तारा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या तारांनी जोडत, जेणेकरून एखादी बाजू तुटली तरी संदेश दुसऱ्या बाजूने पुढे जाई. विद्यार्थ्यांनी अशी शिडी खऱ्या तारेने विणावी, मग तिचे काही दुवे स्वतः कापावेत आणि कोणता दुवा कापल्यावर संदेश थांबतो ते दिवा लावून पाहावे.