मदत हवी आहे: माझ्या ब्राउझर इंजिनात टेबलमधला मजकूर भलतीकडे दिसतोय

अर्धविराम: ब्राउझर इंजिन (वेबपानाचा कोड वाचून पान पडद्यावर दाखवणारा भाग) लिहितोय, शून्यापासून. साधी पानं नीट दिसतात. एका जुन्या पानावर टेबलच्या आत, पण कुठल्याच सेलमध्ये नसलेला मजकूर आहे. क्रोम आणि फायरफॉक्स तो टेबलच्या वर दाखवतात. माझं इंजिन आतच कोंबतं आणि सगळे कॉलम सरकतात. लेआउटचा (काय कुठे मांडायचं ते ठरवणारा) कोड पुन्हा लिहून झाला, फरक नाही. लवकर सांगा, पुढचं सगळं अडलंय.

रानवारा: पार्सर (पानाचं एचटीएमएल वाचून त्याची रचना बनवणारा भाग) कुठला? मजकूर मूळ एचटीएमएलमध्ये आहे की स्क्रिप्टने नंतर घातलाय?

अर्धविराम: रस्ट भाषेत लिहितोय. पार्सर व्यवस्थित चालतोय, घोळ लेआउटमध्ये आहे.

जुनाखांब: मुळात हा खटाटोप कशाला? क्रोमियम (क्रोमचा खुला कोड) घ्या आणि त्यावर हवं ते बांधा. ऑपेराने २०१३ मध्ये आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आपलं एजएचटीएमएल इंजिन सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यांना झेपलं नाही ते एकट्याला झेपेल?

ओलीशाई: म्हणूनच तर कोणीतरी करायला हवं! ब्लिंक (क्रोमचं), वेबकिट (सफारीचं), गेको (फायरफॉक्सचं) एवढीच मोठी इंजिनं उरलीत, त्यात ब्लिंक तर वेबकिटमधूनच फुटलेलं. सगळे एकच कोड वापरायला लागले की त्यातली चूकच नियम होऊन बसते. स्पेसिफिकेशन (इंजिनांनी पाळायचे लेखी नियम) पुरेसं स्पष्ट आहे का, हे कोणी त्यावरून नव्याने इंजिन लिहायला घेतलं की लगेच कळतं. शिवाय मोझिलाच्या सर्वो या प्रायोगिक इंजिनात घडलेली समांतर सीएसएस (पानाच्या मांडणी-सजावटीचे नियम) यंत्रणा २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये गेली, जुन्या इंजिनालाही फायदाच झाला.

जुनाखांब: आणि २०२० मध्ये मोझिलाने (फायरफॉक्सवाल्यांनी) सर्वोवर काम करणाऱ्यांना कमी केलं, तेही लिहा की.

ओलीशाई: प्रकल्प बंद पडला नाही. आता लिनक्स फाउंडेशन युरोपकडे आहे, काम चालू आहे. लेडीबर्ड हे नवं इंजिनही आहेच.

पिंपळपान: मेमरी फार खात असेल तर नको असलेली एक्स्टेन्शन काढून टाका. मला फरक पडला.

रानवारा: मेमरीचा प्रश्नच नाहीये इथे. @अर्धविराम, मजकूर मूळ एचटीएमएलमध्ये असेल तर घोळ पार्सरमध्येच आहे. टेबलमध्ये चुकीच्या जागी आलेला मजकूर उचलून टेबलच्या आधी ठेवायचा, असा नियमच आहे. त्याला फॉस्टर पेरेंटिंग म्हणतात. नुसती मोकळी जागा असेल तर ती आतच राहते. टेबलमध्ये थेट टीआर (ओळीचा टॅग) आला तर मध्ये टीबॉडीही (ओळींचा गट दाखवणारा टॅग) पार्सरनेच घालायचा. चुकलेल्या एचटीएमएलचं काय करायचं ते एचटीएमएल५ ने पायरीपायरीने लिहून ठेवलंय, अंदाज बांधत बसू नका. एचटीएमएल५लिब या पार्सर प्रकल्पाच्या चाचण्या चालवा, हीच प्रकरणं त्यात आहेत.

अर्धविराम: मूळ एचटीएमएलमध्येच आहे. पार्सर माझाच आहे, उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या टॅगच्या जोड्या लावतो. तुम्ही सांगितलेला नियम घातला, मजकूर वर गेला! मनापासून आभार. पण दुसऱ्या एका पानावर स्क्रिप्टने अपेंडचाइल्ड (घटक जोडण्याची आज्ञा) वापरून घातलेला डिव्ह (साधा चौकटीसारखा घटक) अजून आतच आहे. तोही बाहेर काढू?

रानवारा: अजिबात नको. फॉस्टर पेरेंटिंग फक्त पार्सिंगपुरतं. स्क्रिप्टने घातलेला डिव्ह डॉममध्ये (पार्सरने बनवलेल्या पानाच्या रचनेत) टेबलच्या आतच राहतो, लेआउटने त्याच्याभोवती अनामिक रो आणि सेल तयार करायचा. तुमचा लेआउटचा कोड इथे कामाला येईल. कॉलमच्या रुंदीला मात्र वेळ जाणार. आपोआप रुंदी ठरवायचा एकच अल्गोरिदम सीएसएस २.१ ने सक्तीचा केलेला नाही, त्यामुळे तिथे बाकीची इंजिनं काय करतात ते मोजूनच लिहावं लागेल.