टोकदार टोपीची टाळली की झालं?

जांबोटीकर: काल इथं एकानं दोन विलायती अळंब्यांचे फोटो टाकून लिहिलं, की टोकदार टोपीची रुबेलस तेवढी विषारी, गोलसर टोपीची ओरेलॅनस हळद घालून उकळली की चालते. वाचून संताप झाला. दोन्ही एकाच कॉर्टिनेरियस कुळीतल्या, दोन्हींत तेच ओरेलॅनिन नावाचं किडनी निकामी करणारं विष, आणि ते उकळून जात नाही! रुबेलस पाइन-स्प्रूसखाली शेवाळात येते, देठावर पिवळसर पट्टे. ओरेलॅनस ओक-बीचखाली, देठ बिनपट्ट्याचा. किडनीला दोन्ही सारख्याच. 1950 च्या दशकात पोलंडमध्ये शंभराहून जास्त लोकांना बाधली ती ओरेलॅनसच.

वारूळवाला: काय लिवूलालासा ओ? पोलंडचं आम्हाला काय? आमची आज्जी कनकुंबीच्या रानातनं अळमी आणायची. चांदीचं नाणं टाकायचं, काळं पडलं नाही की खायची. कोण मेलं?

जांबोटीकर: आज्जी वारुळावरचीच आणत होती ना? छत्री, देठ, खाली वारुळात गेलेलं लांब मूळ बघून? त्या नजरेनं वाचलात. विषानं चांदी काळी पडत नाही.

मलप्रभाकाठ: वारुळाचा विषय निघालाच तर बोलतो. हल्ली खानापूर रस्त्यावर विकायला म्हणून कळ्याच उपटतात, वर कुदळीनं वारूळ खणतात. आतली वाळवीनं वाढवलेली बुरशीची बाग, जिच्यातनं अळंबी येते, ती मोडल्यावर पुढच्या पावसात काय उगवणार?

वारूळवाला: खणणारे बाहेरचे. गाववाल्यांवर ढकलू नका.

मलप्रभाकाठ: आमच्या बांधावरचं वारूळ गावातल्याच पोरांनी फोडलं. डोळ्यांनी बघितलंय.

वारूळवाला: मग तिथंच अडवायचं होतं! इथं येऊन गावाची बदनामी कशाला?

शहापूरची ताई: भांडण आवरा. माझ्या मावसभावानं रानातली कसलीतरी अळंबी खाल्ली, रात्रभर उलट्या. सकाळी थांबल्या, बरा झाला. म्हणजे वेळेत कळतंच की.

जांबोटीकर: ताई, ती वेगळी असणार. ओरेलॅनिन दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत गप्प राहतं. मग तहान, कंबरदुखी, लघवी कमी. तोवर जेवणात काय होतं हेच आठवत नाही. उतारा नाही, डायलिसिस, नाहीतर किडनी बदलणं.

वारूळवाला: बरं, नाण्याचं सोडलं. पण आज्जीची अळमी मी सोडणार नाही.

जांबोटीकर: सोडा कोण म्हणतंय? ती उकळायची पोस्ट तेवढी आज काढायला लावा.

मलप्रभाकाठ: आणि वारुळांचं?