'जी३ पी१ एल१ ए१' म्हणजे काय?

माहेरवाशीण : वहिनीच्या फाइलवर डॉक्टरांनी 'जी३ पी१ एल१ ए१' लिहिलंय. शेजारच्या काकूंनी 'ए म्हणजे ॲबॉर्शन' असं सांगितलं आणि आईचं डोकं फिरलं, "आमच्या सुनेनं कधी पोट पाडलं?" तिसऱ्या महिन्यात आपोआप गेलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग असं का लिहितात? सोनोग्राफीत 'प्लासेंटा अँटेरिअर' असंही आहे. घाबरण्यासारखं आहे का?

जुनी सिस्टर : जी म्हणजे ग्रॅव्हिडा, आत्ताचं धरून किती वेळा दिवस राहिले ते. पी म्हणजे पॅरा, बाळ जगू शकेल इतके दिवस भरून झालेली बाळंतपणं. जुळं झालं तरी एकच धरतात. एल म्हणजे हयात मुलं. आणि ए म्हणजे तेवढे दिवस भरण्याआधीच संपलेलं गर्भारपण, आपोआप गेलेलं असो वा करवून घेतलेलं. डॉक्टरी भाषेत दोन्हीला ॲबॉर्शनच म्हणतात. वहिनींचं तेच गेलेलं मोजलंय. वॉर्डात या एका अक्षरावरून नातेवाइकांची भांडणं लागलेली पाहिली आहेत. आईंना नीट समजावा.

सासवडकर : आपल्या बायकांनी एका कान्यात काम भागवलंय. पोट पडलं आणि पोट पाडलं.

काढेवाला : 'गर्भपात' शब्दातला 'पात' म्हणजेही पडणंच. आयुर्वेदात चौथ्या महिन्यापर्यंत गेलं तर गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यात गेलं तर गर्भपात. फरक महिन्यांचा, कुणी केलं याचा नाही. आता 'गर्भपात' म्हटलं की 'केला' हेच आधी डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे ज्या बाईचं आपसूक गेलं तिला हा शब्द बोचतो. मी तरी 'गर्भ टिकला नाही' असंच म्हणतो.

जुनी सिस्टर : अँटेरिअरचं राहिलं. प्लासेंटा म्हणजे वार. ती पिशवीच्या पुढच्या भिंतीला आहे, एवढाच अर्थ. बाळाची हालचाल थोडी उशिरा किंवा मंद जाणवू शकते, मध्ये उशी असल्यासारखी. जपायचं ते 'वार खाली आहे' असं सांगितलं तर, म्हणजे ती पिशवीच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर असेल तर. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार पिशवी वाढते तशी बहुतेकींची वर सरकते. पण न दुखता अंगावरून लाल जायला लागलं, तर थोडंसं असलं तरी तडक दवाखाना गाठायचा.

सासवडकर : वार आणि नाळ यांत लोक फार घोळ घालतात. बाळाच्या बेंबीपासून निघते ती नाळ, ती जिला जोडलेली असते ती वार. 'इथे माझी नाळ पुरलीय' म्हणणाऱ्यांच्या घरी खरं तर वारही पुरलेली असते, पण भाषणात वार शोभत नाही!

माहेरवाशीण : आणि तारीख? आई नऊ महिने नऊ दिवस मोजते, फाइलवर दोन दिवस आधीची आहे.

जुनी सिस्टर : डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवतात. पाळी १ जानेवारीला आली असेल तर ८ ऑक्टोबर. आईंचा हिशोब फार लांबचा नाही. मात्र पाळी अनियमित असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीची तारीख धरायची. ३७ आठवड्यांच्या आत झालं तर अपुऱ्या दिवसांचं. कळा नसताना पाणमोट फुटली, म्हणजे अंगावरून पाणी गेलं, तर तारखेची वाट पाहत बसू नका.

माहेरवाशीण : आईला सगळं वाचून दाखवलं. ए१ वर आता काही म्हणत नाही. विचारतेय, वार पुढे म्हणजे मुलगी ना?

जुनी सिस्टर : काही संबंध नाही. आणि सोनोग्राफीवाल्यांना विचारू नका म्हणावं, १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे.